कॅननमध्ये आवाज एकमेकांना टोचतात तेव्हा

नागपूरच्या एका शाळेत समूहगान शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. सातवी-आठवीच्या मुलांसाठी त्यांनी शुद्ध स्वरांत तीन ओळींचा कॅनन (तीच चाल गट एकामागून एक सुरू करतात असं गाणं) बांधला आहे. ताल केरवा, प्रत्येक ओळ एका आवर्तनाची. पहिला गट दुसऱ्या ओळीवर गेला की दुसरा गट पहिलीवर येतो, मग तिसरा, आणि तीनही गट ओळी फिरवत राहतात. पेटीवर एकेक ओळ गोड वाजते, दोन गटांपर्यंतही ठीक चालतं. तिसरी ओळ मिसळली की आवर्तनाचा उत्तरार्ध कर्कश होतो. दुसरी अडचण त्यांच्या एका लांब, दोन आवाजांच्या कॅननची आहे: एका जागची टक्कर काढली की दुसरीकडे नवी उगवते.

त्यांच्या तीन ओळी अशा आहेत. उभ्या रेघेआधी चार मात्रा, नंतर चार; – म्हणजे आधीचा स्वर धरायचा, सां म्हणजे वरचा, तार सा:

पहिली: सा – रे ग | रे – सा –
दुसरी: ग – म प | म – ग –
तिसरी: प – ध सां | सां – नी –

ताई, आधी या ओळी एकापुढे एक वाचणं थांबवा आणि एकाखाली एक वाचा. तीन गट पूर्ण आत आले की प्रत्येक क्षणी तीनही ओळी वाजत असतात. कोणता गट कोणती ओळ म्हणतोय एवढंच बदलतं. म्हणजे तुमचा कॅनन कितीही वेळा फिरला तरी तपासायला फक्त आठ उभे रकाने आहेत. चौकटीच्या वहीत ते मांडा आणि प्रत्येक रकाना पेटीवर एकदम दाबून बघा.

पहिल्या मात्रेवर सा, ग, प. उत्तम. तिसरीवर रे, म, ध. ठीक. चौथीवर ग, प, सां. उत्तम. पाचवीवर रे, म, सां. इथे रे आणि सां यांच्यात सेव्हन्थ आहे (रेपासून मोजला तर सां सातवा; थर्ड, फोर्थ, फिफ्थ, सिक्स्थही असेच मोजायचे) आणि ती दोन मात्रा टिकते. सातवीवर सा, ग, नी. इथे नी आणि सा अर्ध्या स्वराचे सख्खे शेजारी एकमेकांवर उभे आहेत, तेही आवर्तन संपेपर्यंत.

तिसरी ओळ बांधताना तुमचा विचार बरोबर होता. सां धरायचा, नीवर उतरायचं, आणि पुढच्या आवर्तनात पहिल्या ओळीच्या सावर पोचायचं. आडवं पाहिलं तर त्यात खोट नाही. पण पाचव्या मात्रेवरचा सां ज्या रेशी भांडतो, तो रे सहाव्या मात्रेअखेर निघून जातो. तुमचा सां नीवर उतरतो सातव्या मात्रेला. तोवर खालचा आवाज सावर घरी आलेला असतो, आणि सुटका म्हणून आलेला नी नवी, अधिक वाईट टक्कर होऊन बसतो. स्वर दोन्ही बरोबर आहेत, उतरायला एक मात्रा उशीर झाला.

म्हणून नी सहाव्या मात्रेवर आणा:

तिसरी: ... सां | सां नी सां –

आता चौथीवर सां हा ग आणि प यांच्याबरोबर गोड आहे. पाचवीवर तोच सां धरलेला असताना खालून रे येतो आणि टक्कर होते. सहावीवर सां एक पायरी उतरून नी होतो. रे आणि नी यांची सिक्स्थ, तणाव सुटला. सातवीवर रे साकडे आणि नी सांकडे, दोन्ही विरुद्ध दिशांनी जाऊन सप्तकात मिळतात. पाश्चात्त्य संगीतात शेकडो वर्षं वाक्य संपवण्याची हीच पक्की रीत आहे. पाचव्या मात्रेवरची टक्कर आपण काढलीच नाही. ती तिथेच आहे, आणि आता तीच त्या ओळीतली सर्वांत सुंदर जागा आहे.

याला सस्पेन्शन म्हणतात. त्याचे तीन टप्पे असतात: तयारी, टक्कर, सुटका. तयारीत तो स्वर गोड जुळलेला हवा. टक्कर होते ती त्याच्या हलण्यामुळे नाही, दुसरा आवाज सरकल्यामुळे. सुटका एका पायरीने खाली, गोड अंतरावर, आणि दुसरा आवाज जागा सोडायच्या आत. नागपूरकरांना यासाठी डायमंड क्रॉसिंगचं उदाहरण पुरेल. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग तिथे एकमेकांना छेदतात, त्यात बिघाड काहीच नाही. गाडी त्या छेदावर उभी राहिली तर बिघाड. टक्कर ज्या स्वरावर होते त्या स्वराला पुढे जायला रूळ आणि वेळ, दोन्ही मोकळे ठेवायचे.

मुलांना पाचवीवर सां धरणं जमत नसेल (दुसरा गट रे म्हणतो आणि यांचा सां त्याच्यामागे घसरतो, असं होतंच), तर टक्कर सरळ काढून टाका: सां | नी – सां –. पाचवीलाच नी. रस कमी, पण सुरक्षित. मी आधी हीच आवृत्ती बसवेन आणि ती पक्की झाली की सां धरायला शिकवेन.

एक बारीक गोष्ट गाण्याच्या बाजूची. आपल्याकडची मुलं सांवरून नीवर येताना सहज मींड घेतात (घसरत येतात), किंवा नीला सांचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, लावतात. एकट्या गाण्यात ते शोभतं. इथे सुटकेचा क्षण नेमका कळायला हवा, म्हणून नी सरळ, उभा लागला पाहिजे. मींड घेतली की सहावी मात्रा अर्धी चिखलात जाते आणि टक्कर सुटलीच नाही असं कानाला वाटतं.

आता तिसऱ्या ओळीची सुरुवात. पहिल्या मात्रेवर सा आणि प, तिसरीवर रे आणि ध. पहिली आणि तिसरी ओळ दोन्ही वर चढतात आणि फिफ्थचं अंतर तसंच राहतं. हे कर्कश नाही, म्हणून तुमच्या कानाला खटकलं नसेल. पण दोन आवाज फिफ्थ धरून बरोबर चालू लागले की ते दोन राहत नाहीत. एकाच आवाजाला जाड केल्यासारखं वाटतं आणि कॅननचा मुख्य आनंद, आवाज वेगळे ऐकू येणं, तिथे विझतो. सप्तकाच्या समांतर चालीचंही तसंच. उपाय: तिसरी ओळ पऐवजी सांवर सुरू करा. सां खाली धकडे उतरेल, सा वर रेकडे चढेल, चाली विरुद्ध झाल्या.

दुसऱ्या ओळीत टक्कर नाही, पण ती पहिलीशी पहिल्यापासून शेवटपर्यंत थर्डमध्ये चालते: सा-ग, रे-म, ग-प, रे-म, सा-ग. गोड आहे, फक्त स्वतंत्र नाही. उत्तरार्ध थोडा सैल केला तर तिला स्वतःची चाल मिळते: प म – ग. म्हणजे चौथीचा प पाचवीवरही धरायचा, सहावीला म, तो सातवीवर धरायचा, आठवीला ग. पाचवीवर रे-प ही फोर्थ आहे, सहावीला म येऊन ती थर्ड होते. सातवीवर सा-म पुन्हा फोर्थ, आठवीला ग येऊन पुन्हा थर्ड. एकापाठोपाठ दोन सस्पेन्शन.

दुरुस्त झालेला कॅनन असा:

पहिली: सा – रे ग | रे – सा –
दुसरी: ग – म प | प म – ग
तिसरी: सां – ध सां | सां नी सां –

उभे रकाने वाचा. एक: सा ग सां. तीन: रे म ध. चार: ग प सां. पाच: रे प सां, दोन धरलेले स्वर. सहा: रे म नी. सात: सा म सां. आठ: सा ग सां. सहाव्या मात्रेवर म आणि नी यांच्यात ट्रायटोन, म्हणजे तीन पूर्ण स्वरांचं अस्थिर अंतर आहे, तो काढू नका. नी सातवीला सांवर चढतो, म आठवीला गवर उतरतो. दोघं एकमेकांपासून दूर जातात आणि ट्रायटोन उलगडतो. म सांभाळायचा तो इतकाच: त्याने वर पकडे उडी मारता कामा नये.

जोड तपासायचे राहिले. पहिलीचा सा ते दुसरीचा ग सोपा. दुसरीचा ग ते तिसरीचा सां ही मोठी उडी, सिक्स्थची; तिथे आठव्या मात्रेचा उत्तरार्ध श्वासाला द्या. तिसरीच्या सांवरून पुन्हा पहिलीच्या सावर पूर्ण सप्तक खाली. तीनही ओळी सा ते सां एवढ्यातच आहेत, म्हणून पट्टी पांढरी एक किंवा काळी एक घ्या. त्याहून वर चढवू नका, ओरडून लागलेला सां कुठल्याच रेशी नीट भांडत नाही.

कुठली टक्कर चालते आणि कुठली नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं: अंतर किती बोचरं आहे, आणि ते कोणत्या मात्रेवर पडतं.

शुद्ध स्वरांत सर्वांत बोचऱ्या जोड्या दोन, ग-म आणि नी-सां, कारण त्यांच्यात अर्धाच स्वर आहे. त्याच जोड्या सप्तकाने दूर ठेवल्या तर बोचरेपणा बराच उतरतो. सा-रे, रे-ग, म-प, प-ध, ध-नी या पूर्ण स्वराच्या जोड्या मवाळ. म-नी अस्थिर. फोर्थ हे चमत्कारिक अंतर आहे: नाट्यशास्त्रात भरताने ९ आणि १३ श्रुतींच्या (श्रुती म्हणजे सप्तकाच्या २२ सूक्ष्म भागांपैकी एक) अंतराला संवाद म्हटलंय, म्हणजे आपल्या कानाला सा-म आणि सा-प दोन्ही संवादी. कॅननच्या शास्त्रात मात्र सर्वांत खालच्या आवाजापासून मोजलेली फोर्थ अस्थिर धरतात, कारण खालचा स्वर कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) पाया आहे असं कान गृहीत धरतो आणि फोर्थमध्ये पाया वर जाऊन बसतो. वरच्या दोन आवाजांतली फोर्थ बिनधास्त चालते.

मात्रांचं वजन तर केरव्यात ऐकूच येतं. सम सर्वांत जड, मग पाचवी, मग तीन आणि सात, आणि दोन, चार, सहा, आठ हलक्या. पाचवी खालीची (जिथे टाळी न देता हात बाजूला करतात) म्हणून ती हलकी समजण्याची चूक पुष्कळजण करतात. खालीला डग्ग्याचा घुमारा थांबतो, खालचा आवाज मोकळा होतो आणि गळ्यांमधली टक्कर उलट जास्त उघडी पडते. पाचवीवर फक्त तयारी केलेली टक्कर ठेवा. हलक्या मात्रेवर पासिंग नोट चालते: गोड स्वरावरून पायरीने आलेली, पायरीनेच त्याच दिशेला गेलेली. उडी मारून आलेला आणि उडी मारून गेलेला विसंवादी स्वर हलक्या मात्रेवरही अपघातच वाटतो. लयही पाहा. मिनिटाला १६० मात्रांना पासिंग नोट निसटून जाते. ८० मात्रांना तीच पाऊण सेकंद टिकते आणि चूक वाटते. संथ प्रार्थनेचा कॅनन म्हणून जलद खेळगाण्यापेक्षा जास्त काटेकोर बांधावा लागतो.

आता लांब कॅननची अडचण, जिथे एक टक्कर काढली की दुसरी उगवते. कारण साधं आहे. अशा कॅननमध्ये प्रत्येक स्वर दोनदा वाजतो आणि दोन वेगळ्या स्वरांना भेटतो. तिसऱ्या तुकड्यातला स्वर आधी पहिल्या आवाजात येतो तेव्हा त्याच्याखाली दुसऱ्या आवाजाचा दुसरा तुकडा असतो. मग तोच स्वर दुसऱ्या आवाजात येतो तेव्हा वर चौथा तुकडा चाललेला असतो. तुम्ही चौथ्याशी जुळवायला तिसरा बदलता, आणि तिसऱ्याचं दुसऱ्याशी असलेलं नातं तुटतं. ते जोडायला दुसरा बदलता, आणि पहिल्याशी तुटतं. अशी दुरुस्ती मागे मागे सरकत सुरुवातीपर्यंत जाते.

म्हणून नियम: टक्कर झाली की नंतर लिहिलेला स्वर बदलायचा, आधीचा कधीच नाही. आणि मुळात कॅनन लिहायचाच तुकड्या-तुकड्याने. पहिला तुकडा लिहा. तो जसाच्या तसा दुसऱ्या आवाजाच्या ओळीत, पुढच्या तुकड्याखाली उतरवा. आता त्याच्यावर जुळेल असा दुसरा तुकडा लिहा. तो खाली उतरवा, त्याच्यावर तिसरा लिहा. आधी पूर्ण चाल बांधून मग कॅनन जमतो का बघायचं, ही पद्धत नशिबावर चालते.

चार मात्रांच्या अंतराचं छोटं उदाहरण:

एक: सा – रे ग
दोन: प – म ग
तीन: ग – रे सा
चार: म – नी सां

दोन एकवर बसतो: सा-प, रे-म, मग दोघं गवर मिळतात. तीन दोनवर बसतो: प-ग, म-रे, ग-सा, सगळ्या थर्ड. चार तीनवर आला की पहिल्याच मात्रेवर ग आणि म, अर्ध्या स्वराची टक्कर. हात लगेच तिसऱ्या तुकड्याच्या गकडे जातो: तो रे केला तर म-रे थर्ड होते ना! होते. पण मागे दुसऱ्या तुकड्याचा प त्या रेवर फोर्थ होऊन बसतो, आणि दोनच आवाज असताना समेवर उघडी फोर्थ लंगडी वाटते. बदल चौथ्यात करा: प – नी सां. ग-प थर्ड, रे-नी सिक्स्थ, सा-सां सप्तक. मागचं काहीही हललं नाही, आणि चालीतली म ते नी ही अवघड उडीही गेली.

तीन आवाज असतील तर प्रत्येक नवा तुकडा मागच्या दोघांशी जुळवावा लागतो. चार असतील तर तिघांशी. चौथा आवाज आला की जागा फार थोडी उरते, त्यामुळे चार आवाजांचे कॅनन बहुधा एक-दोन कॉर्डवर रेंगाळतात.

एक सापळा खास आपल्या शिक्षणातून येतो. चाली बांधताना हात अलंकारांकडे वळतो: सारेगम, रेगमप, गमपध. दुसरा आवाज एका गटाने मागे सोडला तर रेगमपखाली सारेगम येतं, आणि प्रत्येक मात्रेवर शेजारच्या स्वरांची टक्कर. हा अलंकार त्या अंतरावर दुरुस्त होऊच शकत नाही, एखादा स्वर बदलून तर मुळीच नाही. तोच अलंकार दोन गटांनी मागे सोडा: गमपधखाली सारेगम, म्हणजे ग-सा, म-रे, प-ग, ध-म, सगळ्या थर्ड. तिसरा आवाज आणखी दोन गटांनी आला तर सागप, रेमध, गपनी, मधसां अशा सरळ कॉर्ड मिळतात. याचा व्यापक अर्थ असा की चालीतला नमुना आणि प्रवेशाचं अंतर यांचं नातं आधीच ठरवावं लागतं. प्रवेशाच्या अंतराने नमुना एक पायरी सरकला तर टकरी, दोन पायऱ्या सरकला तर थर्ड, चार पायऱ्या सरकला तर समांतर फिफ्थ, आणि मुळीच सरकला नाही, म्हणजे तोच तुकडा पुन्हा आला, तर दोन्ही आवाज एकच स्वर म्हणतात आणि कॅनन तेवढा वेळ गायब होतो.

पहिलाच कॅनन बांधणाऱ्याने भूप राग घ्यावा. म आणि नी नाहीत म्हणून अर्ध्या स्वराची जोडी नाही, ट्रायटोनही नाही; सर्वांत वाईट टक्कर सा-रे, रे-ग, प-धची, आणि ती मवाळ. पण भूपात कॅनन सावरून सावर किंवा सप्तकावरच राहू द्या. दुसरा आवाज फिफ्थवर चढवला तर सा रे ग प ध चे प ध नी रें गं होतात, नी शिरतो आणि भूप राहत नाही. फोर्थवर न्या तर म शिरतो. शुद्ध सप्तकातही फिफ्थवर तंतोतंत नक्कल करायची तर नीला तीव्र म लागतो. जर्मन संगीतकार बाखच्या १७४१ साली छापलेल्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समध्ये दर तिसरं व्हेरिएशन कॅनन आहे आणि प्रवेशाचं अंतर एकाच स्वरापासून नाइन्थपर्यंत वाढत जातं. त्या नऊपैकी आठ कॅननखाली एक स्वतंत्र खर्जाची ओळ आहे. अवघड अंतरांवरचे कॅनन टिकतात ते बऱ्याच अंशी त्या ओळीच्या जोरावर.

ही खर्जाची ओळ तुम्हालाही लागेल, कारण आठवीतल्या काही मुलांचा आवाज फुटायला लागलेला असतो आणि ती नकळत एक सप्तक खाली म्हणतात. तेव्हा उभे रकाने उलटतात. वरच्या कॅननमधली दुसरी ओळ खाली गेली तर सातव्या मात्रेवरचा म साच्या खाली येतो. फोर्थची फिफ्थ होते, आणि जिथे धरलेला ताण हवा होता तिथे ताणच उरत नाही. तिसरी ओळ खाली गेली तर पाचवीवर सेव्हन्थऐवजी सा-रे सेकंड होते. ती चालते, कारण सा खाली नीवर उतरून थर्ड होते, पण ती जास्त टोचते. गट पाडताना प्रत्येक गटात थोडे जाड, थोडे पातळ आवाज ठेवू नका. फुटलेले आवाज बाजूला काढा आणि त्यांना कॅननमधून मुक्त करून हा पाया द्या:

सा – म सा | प – सा –

म आणि प मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातले. ज्यांना मंद्र प जड जातो त्यांच्याऐवजी तो पेटीच्या डाव्या बाजूला वाजवा. या पायावर तिसऱ्या मात्रेचा रे म ध स्थिर होतो, पाचवी-सहावीला पची कॉर्ड स्पष्ट कळते आणि सातवीला घर. पाखेलबेल या जर्मन संगीतकाराच्या प्रसिद्ध कॅननमध्येही तीन व्हायोलिनांखाली आठ स्वरांचा खर्ज २८ वेळा फिरतो. वर काहीही चाललं तरी कान हरवत नाही.

तानपुरा लावायचा का, हा प्रश्न यातूनच येतो. तानपुरा म्हणजे कधीच न हलणारा चौथा आवाज. सा-पचा झंकार चालू असताना तुमच्या रे म धला प आणि सा दोघंही छेदतात, आणि पाचवीला पची कॉर्ड आली तरी खाली सा उभाच. कॉर्ड बदलणाऱ्या कॅननमागे तानपुरा लावू नका. भूपातल्या, एकाच कॉर्डभोवती फिरणाऱ्या कॅननमागे खुशाल लावा, तिथे तो शोभतो.

कागदावर न दिसणारी एक टक्कर राहते. पेटीचा ग तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या सहज गपेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट), ध सुमारे १६ सेंटने. रियाज तानपुऱ्यावर केलेली मुलं ग थोडा उतरलेला लावतात आणि पेटी तोच ग वर वाजवते. लांब धरलेल्या पहिल्या मात्रेच्या गवर लहरी ऐकू येतात. जमेल तिथे पेटीला फक्त पायाची ओळ वाजवू द्या, ग मुलांच्या कानावर सोडा. तसंच साशी शुद्ध लागलेले रे आणि ध एकमेकांत मात्र सुमारे २२ सेंट कमी पडतात, त्यांची फिफ्थ अरुंद होते. म्हणून रे म धची कॉर्ड या कॅननमध्ये एकच मात्रा ठेवली आहे. ती सम किंवा पाचवीवर, दोन-दोन मात्रा धरली असती तर सुरेल मुलांनीही बेसूर ऐकवलं असतं.

वर्गात जाण्याआधी तपासणी घरीच होते. मेट्रोनोम १२० ला ठेवून तीनही ओळी सलग चार वेळा फोनवर गा. ते रेकॉर्डिंग ऑडासिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन दोन प्रती करा. एक ४ सेकंदांनी आणि दुसरी ८ सेकंदांनी पुढे सरकवा. आठ मात्रा म्हणजे नेमके ४ सेकंद. आधी तिन्ही एकत्र ऐका, मग एकेक बंद करून उरलेल्या जोड्या ऐका. टक्कर कोणत्या दोन ओळींत आहे हे जोडीत लगेच उघडं पडतं. तिघांत ते धूसर राहतं. स्वरलेखन येत असेल तर म्यूझस्कोर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्याचं यांत्रिक वादन टक्कर जितकी बोचरी दाखवतं तितकी गळ्यात लागत नाही, आणि कधी उलटही होतं. स्वतःच्या आवाजातली चाचणी जास्त खरी.

तालमीत मुलांना आधी तीनही ओळी एकत्र, एकाच आवाजात पाठ करून घ्या. मग दोन गट. पाचव्या मात्रेवर थांबवा, टक्कर तशीच धरायला लावा, आणि नी म्हणणाऱ्यांना हाताने खुणावून उतरवा. आठ-दहा वेळा हे केलं की मुलं ती टक्कर स्वतःहून शोधू लागतात, आणि ती शोधणारी मुलं दुसऱ्या गटामागे घसरत नाहीत. सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या रंगमंचावर गट एकमेकांपासून फार लांब उभे करू नका. आवाजाला १७ मीटर जायला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात. सहाव्या मात्रेवरची सुटका तेवढ्यानेही ढिली होते. गट वेगळे दिसावेत म्हणून दोन पावलांची फट पुरे.

शेवट कसा करायचा हे सुरुवातीलाच ठरवा. प्रत्येक गट आपापल्या तीन ओळी संपवून एकेक थांबला, तर शेवटून दुसऱ्या आवर्तनात फक्त दुसरी आणि तिसरी ओळ उरतात. त्यांच्यातून पहिल्या ओळीचा आधार गेलेला असतो: चौथी-पाचवीला प-सां उघडी फोर्थ, सहावीला म-नी, आणि तुम्ही मेहनतीने बांधलेलं सस्पेन्शन ज्या रेवर उभं होतं तो रेच नाही. पायाची ओळ चालू असेल तर हा शेवट चालतो. नसेल तर सगळ्यांनी एकाच आवर्तनात थांबा. तुम्ही हात वर केला की ते आवर्तन शेवटचं. सातव्या मात्रेला लय किंचित रोखा, म आठवीला गवर उतरेपर्यंत कोणालाही सोडू नका, आणि सा ग सां जुळलेला ऐकू आला की हात मिटा.